मळमड्डी, मेकॅनिकल आणि एक लॅपटॉप

पुण्याकडून मिरज, बेळगाव, लोंढा, अळणावर करत गाडी धारवाडला पोचते. तिथून मळमड्डी अगदी हाकेच्या अंतरावर. सामान फार नसेल तर रिक्षाही लागत नाही. जुन्या धारवाडातली ही वस्ती अजून ओळखू येते ती तिच्या बैठ्या घरांमुळे. मंगळुरी कौलं, पुढे लहानसं अंगण, अंगणात पारिजातक नाहीतर नारळ, आणि फाटकाला कुरकुरणारी कडी. मधे मधे जुनं घर पाडून उभी राहिलेली चार मजली अपार्टमेंटही दिसतात. सकाळी के. ई. बोर्डाच्या शाळेकडे निघालेल्या मुलांच्या सायकली, आणि एखाद्या घरातून तंबोऱ्याचा सूर. धारवाडात गाणं शिकणारं कोणीतरी प्रत्येक गल्लीत असतंच.

इथली मराठी ऐकायला गंमत वाटते. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड, आणि रागावताना दोन्ही. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होतं. त्याआधी कितीतरी पिढ्या पुण्या-मुंबईशी नोकरीचं, शिक्षणाचं, सोयरिकीचं जाणंयेणं होतं. म्हणून इथे 'अज्जी' आणि 'मावशी' एकाच पंगतीत बसतात, आणि 'ये की', 'बस की', 'खा की' असं प्रत्येक वाक्याला 'की' लागतं.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांचं अशा एखाद्या गल्लीशी नातं असेल. माझं आजोळ मळमड्डीतलं. त्या घरातून एकेक करत आम्ही सगळे बाहेर पडलो, कोणी बेंगळुरूला, कोणी पुण्याला, कोणी त्याहून लांब. बहुतेक सगळे सॉफ्टवेअरमध्ये. घरी राहिली माझी मामेबहीण, म्हणजे आमची अक्का, तिचे यजमान, अज्जी, आणि अक्काची मुलगी. गेल्या श्रावणात मी चार दिवस तिकडे गेले, ते या मुलीसाठी.

भाचीने सीईटीत बरे गुण मिळवले होते. कॉम्प्युटर सायन्स मिळण्यासारखं होतं. तिने मेकॅनिकल घेतलं, तेही धारवाडातल्याच कॉलेजात. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हळहळ चालली. मला फोन आला तो मात्र वेगळ्याच कामासाठी. "मावशी, कॅड चालणारा लॅपटॉप घ्यायचाय. दुकानदार म्हणतोय एक लाख चाळीस हजारवालं गेमिंगचंच घ्या म्हणून. अज्जी एफडी मोडते म्हणून बसलीय. तू येऊन सांग की काय ते."

अज्जीची एफडी म्हणजे तिच्या औषधपाण्याची सोय. ती मोडायची की नाही, हा प्रश्न लॅपटॉपच्या प्रश्नाच्या पोटात बसला होता. घरातलं बजेट होतं ऐंशी हजार.

कॅड म्हणजे संगणकावर केलेलं इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण धारवाडच्या आसपास ड्रॉइंगची परंपरा किती जुनी आहे, हे मीही त्या चार दिवसांत नव्याने आठवून पाहिलं. आज जिथे कर्नाटक कॉलेज आहे, ती इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वेच्या मुख्य कार्यालयाची. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेत मिळाली, मुख्यालय हललं, आणि १९१७ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला पुढे ही वास्तू मिळाली. या भागातले रूळ, पूल, स्टेशनं ज्यांच्या कागदांवरून उभी राहिली, ती माणसं इथे बसत असणार. हुबळीचा रेल्वेचा कारखाना तर आजही चालू आहे.

दुसरं नाव किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये गुर्लहोसूरचा. हे गाव शेजारच्याच बेळगाव जिल्ह्यात. ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, आणि तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. मग ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. बेळगावातल्या किर्लोस्कर रोडवरून आपण किती वेळा गेलो असू! त्या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी एक पेन्सिल, एक टी-स्क्वेअर आणि रंगाची गरज नसलेला कागद होता.

हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, पण त्यांना ग्राफिक्स कार्ड लागत नव्हतं." मुद्दा बरोबर होता.

मी स्वतः बीई असले तरी कोड लिहिणारी. कॅडवर रोज बसणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय पैसे खर्चायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं. असा माणूस गल्लीतच निघाला. दोन घरं सोडून राहणारे एक काका हुबळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त आहेत. हुबळीत व्हॉल्व्ह बनवणारे बरेच कारखाने आहेत, त्यांपैकी एकात. त्यांच्या खोलीत अजून मिनी-ड्राफ्टर आहे, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आहे, आणि अमोनिया प्रिंटच्या वासाच्या आठवणी आहेत. ऑटोकॅड बाजारात आलं १९८२ साली. काकांच्या टेबलावर ते पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. तरीही बोर्ड आणि संगणक दोन्हींवर काम केलेली त्यांची पिढी.

काकांनी लॅपटॉपबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी भाचीला विचारलं, "काय काढणार तू? एक पार्ट, का पूर्ण असेंब्ली? किती पार्टांची? का नुसती टूडी ड्रॉइंगं? स्ट्रेसबिस बघणार का? आणि बसणार कुठे, घरी का लॅबमध्ये?"

भाचीने वहीत उत्तरं लिहिली. पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरवर ड्रॉइंगचा विषय, त्यात साधे ठोकळे, त्यांची दृश्यं, थोड्या जोडण्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मशीन ड्रॉइंग, पन्नास-शंभर भागांच्या असेंब्ली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला थोडं सिम्युलेशन, आणि ते जड असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये वर्कस्टेशन आहेत. रोज कॉलेजला बसने जाणं-येणं, म्हणजे पाठीवर वजन. वहीचं ते एक पान म्हणजे आमची खरी खरेदी होती. पुढचं सगळं त्यावरून ठरत गेलं.

त्या दुपारी पाऊस लागला होता आणि हेस्कॉमची वीज गेली होती. अक्काने गिरमिट केलं, आणि माजघरात बसून मी भाचीला यंत्राच्या पोटात काय असतं ते समजावलं. तुमच्या घरातही हा प्रश्न येत्या वर्षी उभा राहणार असेल, म्हणून ते इथे लिहिते.

पहिला प्रोसेसर. कॅडमध्ये एखादा भाग तयार होतो तो पायरीपायरीने. आधी ठोकळा, मग त्यात भोक, मग भोकाला कड, मग कडेला गोलाई. मागची पायरी बदलली की पुढच्या सगळ्या पुन्हा मोजाव्या लागतात, त्याही क्रमाने. होळगी करताना आधी डाळ शिजते, मग पुरण, मग कणकेत भरणं. ही कामं आठ जणींना एकाच वेळी वाटून देता येत नाहीत. म्हणून नुसती कोअरची संख्या बघून उपयोग नाही. एका कोअरचा वेग जास्त महत्त्वाचा. आठ हात कामाला येतात ते लाटायला बसल्यावर, म्हणजे रेंडरिंग आणि सिम्युलेशनमध्ये. विद्यार्थ्याला इंटेलच्या 'एच' वर्गातला किंवा एएमडी रायझनच्या त्याच ताकदीचा प्रोसेसर पुष्कळ झाला. पातळ, हलक्या लॅपटॉपमधला 'यू' वर्गाचा प्रोसेसर बॅटरी वाचवण्यासाठी असतो. तो तासभर जड काम झालं की दमतो.

दुसरी रॅम. विंडोज, ब्राउझर, कॅड आणि सरांनी पाठवलेली पीडीएफ एकदम उघडी असतात. आठ जीबीत ते भागत नाही. सोळा जीबी ही सुरुवात, बत्तीस असेल तर निश्चिंती. पण त्याहून मोलाचा प्रश्न असा, की रॅम पुढे वाढवता येते का? कित्येक पातळ मॉडेलांत ती बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. ज्यात रिकामा स्लॉट आहे, ते यंत्र दोन वर्षांनी गरजेप्रमाणे मोठं करता येतं.

तिसरं ग्राफिक्स कार्ड. दुकानदाराचा सगळा भर यावर होता. एकेक सुटा भाग फिरवून बघायला प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्सही चालतं. शंभर भागांची असेंब्ली फिरवायला लागली की वेगळं कार्ड हवं. कॅड कंपन्या ठरावीक व्यावसायिक कार्डं तपासून प्रमाणित करतात, आणि ती असलेल्या लॅपटॉपची किंमत बरीच चढते. ज्या कंपनीचं काम तासाभरासाठी अडलं तर नुकसान होतं, तिने तो खर्च करावा. विद्यार्थ्याला चार ते सहा जीबी मेमरीचं साधं आरटीएक्स कार्ड पुरतं. एखादी दृश्य-सुविधा त्यावर अधिकृतपणे चालत नाही, पण ड्रॉइंग अडत नाही.

यात एक खाचखळगा आहे. एकाच नावाची ग्राफिक्स चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीने चालते. आरटीएक्स ४०५० हीच चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवलेली असू शकते. खोक्यावरचं नाव तेच, काम वेगळं. म्हणून नावासोबत वॉट विचारायचे. दुकानात माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या तपशिलात बघायचे.

मग राहिलेल्या गोष्टी. एसएसडी ५१२ जीबी तरी हवी, कारण कॅडची एकेक सॉफ्टवेअर बरीच जागा खातात. पडदा पंधरा-सोळा इंची. १६:१० प्रमाणाचा मिळाला तर उंची थोडी जास्त मिळते आणि मेनूच्या पट्ट्यांखाली चित्र दबत नाही. मॅक सुंदर यंत्र आहे, पण सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, इन्व्हेंटर, कॅटिया ही मंडळी विंडोजवर राहतात. ऑटोकॅड आणि फ्यूजन मॅकवर चालतात, पण कॉलेजात काय शिकवतात ते आधी विचारावं. आणि माउस! मधलं चाक दाबता येणारा साधा माउस. त्या चाकावर बोट ठेवूनच मॉडेल फिरतं. टचपॅडवर कॅड करणं म्हणजे चमच्याने रांगोळी काढणं.

सॉफ्टवेअरच्या खर्चाची अक्काला धास्ती होती. ती नको. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फ्यूजन, इन्व्हेंटर, ऑटोकॅड फुकट देते, दरवर्षी विद्यार्थी असल्याचा दाखला द्यायचा. सॉलिड एजची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे. फ्रीकॅड तर कायमचंच मोफत. ऑनशेप ब्राउझरमध्येच चालतं. त्याच्या मोफत खात्यातली ड्रॉइंगं सगळ्यांना दिसतात, पण शिकायला तेवढं चालतं.

भावोजींनी एक रास्त प्रश्न काढला. "घरीच राहणार आहे ना ती? मग टेबलावरचा कॉम्प्युटरच घ्यायचा की." हिशेबाने त्यांचं खरं होतं. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, तापत कमी, दुरुस्ती सोपी. घरी बसून कॅड करणाऱ्या माणसाला मी डेस्कटॉपच सुचवेन. पण भाचीच्या वहीत 'ग्रुप प्रोजेक्ट' आणि 'लॅबमध्ये सरांना दाखवणे' या दोन ओळी होत्या, त्यामुळे लॅपटॉप ठरला. अडीच किलो यंत्र आणि अर्धा किलोच्या आसपास अडॅप्टर पाठीवर घ्यायला ती तयार होती. दिवे गेल्यावर बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण वेगाने चालत नाही, हेही आधीच सांगून ठेवलं. असा अडॅप्टर दीडशे-दोनशे वॉट ओढतो, म्हणून घरच्या इन्व्हर्टरला तो झेपेल का ते भावोजींनी इलेक्ट्रिशियनला विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्युबिली सर्कलवरून चिगरी बस धरली. चिगरी म्हणजे काळवीट. हुबळी-धारवाडच्या मधल्या राखीव रस्त्यावरून धावणाऱ्या या एसी बसचं नाव तिला शोभतं. हुबळीला कोप्पीकर रोडच्या आसपास तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातला मुलगा रंगीत दिव्यांचा कीबोर्ड दाखवत राहिला. दुसऱ्याने 'पाच वर्षं बघायला नको' म्हणून एक लाख चाळीस हजाराचं तेच मॉडेल पुढे केलं. भाचीने वही उघडली आणि एकेक प्रश्न कन्नडमध्ये विचारायला सुरुवात केली. स्लॉट किती? एक रिकामा आहे का? ग्राफिक्स किती वॉट? घरी येऊन दुरुस्ती, का सर्व्हिस सेंटरला न्यायचं, आणि सेंटर हुबळीत आहे का? मी मागे उभी होते. मला बोलावं लागलं नाही.

तिसऱ्या दुकानात जे मिळालं ते असं : सोळा इंची पडदा, 'एच' वर्गाचा प्रोसेसर, सहा जीबीचं आरटीएक्स ४०५०, सोळा जीबी रॅमची एकच पट्टी आणि शेजारी रिकामा स्लॉट, ५१२ जीबी एसएसडी आणि दुसऱ्या एसएसडीसाठी जागा. दोन पट्ट्या असत्या तर आज थोडा वेग जास्त मिळाला असता. पण पुढे वाढवायचं ठरलं तेव्हा एक पट्टी फेकावी लागली असती. दुकानातच ब्राउझरमध्ये ऑनशेप उघडून एका सार्वजनिक इंजिनाचं मॉडेल दहा मिनिटं फिरवलं, पंख्याचा आवाज ऐकला, हाताला किती गरम लागतं ते बघितलं. बिल झालं ७८,००० रुपये, माउस धरून. अज्जीची एफडी जिथे होती तिथेच राहिली.

परतताना धारवाडात लाइन बाजारला उतरून पेढे घेतले. धारवाडहून पेढ्याशिवाय कोणी जाऊ देत नाही.

रात्री जेवताना ग्रुपवरची हळहळ पुन्हा निघाली. अक्का म्हणाली, "सगळे म्हणतात, कॉम्प्युटर घेतलं असतं तर चार वर्षांनी बेंगळुरूला गेली असती म्हणून." भाची म्हणाली, "मला जायचंच नाही असं नाही, अव्वा. पण इथे राहून करता येईल असंही काहीतरी असू दे की." तिने हे सहज म्हटलं आणि ताक मागितलं. मी मात्र विचारात पडले. बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत बसगाड्या बनतात, हुबळीत व्हॉल्व्ह आणि मोटारी बनतात, आणि २०१६ पासून धारवाडला आयआयटीही आहे. माझ्या वेळी मळमड्डीतून शिकून बाहेर पडणं म्हणजेच पुढे जाणं होतं. त्या घरात आता एक मुलगी अशी आहे, जिचं काम कदाचित त्याच बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात असेल. तिला हवं असेल तर. ते दार उघडं राहण्यासाठी ७८,००० रुपयांत जेवढं होतं तेवढं आम्ही केलं.

महिन्याभराने तिने मला एक फाइल पाठवली. आजोळच्या पुढच्या दाराची जुनी लोखंडी कडी आणि कोयंडा. काकांकडून व्हर्निअर आणून तिने प्रत्येक भाग मोजला होता. खिळ्यांसकट नऊ भाग. झिजून अर्धी झालेली खोबणसुद्धा जशीच्या तशी काढली होती. खाली लिहिलं होतं, "मावशी, पंखा फिरलापण नाही. काका म्हणाले, आता ह्याला लागणारा नवा पार्ट काढून दे, लोहाराकडून करून घेऊ." ते ड्रॉइंग तिने दोन दिवसांत करून दिलं, आणि आता ती कडी पुन्हा नीट बसते.